दार कुठे काढायचं?

"दार पूर्वेलाच," ओड्वार म्हणाला.

"दक्षिणेला," असं म्हणत त्याची बायको सुन्निवा हिने त्याच्या डब्यात पाव आणि तपकिरी चीज कोंबलं आणि झाकण दाणकन लावलं.

"दक्षिणेला दार काढलं तर वारा सगळा बर्फ आणून दारात ओतेल. कळतं का काही?"

"अगं बाई! अडतीस वर्षं बस चालवली म्हणून वाऱ्यातलंही कळायला लागलं का? मला दार उघडल्यावर तळं दिसायला हवं. तुझ्या पूर्वेला काय दिसणार? लाकडाची थप्पी!"

हे भांडण ऑगस्टपासून रोज सकाळी व्हायचं. ओड्वारने डबा उचलला आणि गाडी काढली. निवृत्त होईपर्यंत त्याने डोंगरातल्या रस्त्यावर बस हाकली होती. रस्ता दुसऱ्याचा, बस दुसऱ्याची, वेळापत्रकही दुसऱ्याचं. एक तरी गोष्ट आपल्या हातची असावी, एवढंच आता त्याला हवं होतं. म्हणून वरच्या रानात तो पाइनच्या ओंडक्यांचं घर बांधत होता. सुन्निवाचा भाऊ ओस्मुंड याने खोऱ्यात अशी तीसेक घरं उभी केली होती. "भावजी, तुमच्याने ते व्हायचं नाही, मी येतो चार दिवस," असं तो भर मेजवानीत म्हणाला आणि तिथेच सगळं बिनसलं. "या घराला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही!" ओड्वार टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता. आणि सुन्निवाकडे पाहून पुढे म्हणाला होता, "कुणाचाही!"

ओंडक्यांच्या घराला दार शेवटी काढतात. भिंती चारी बाजूंनी अखंड चढवायच्या, कोपऱ्यांत खाचा एकमेकींत पक्क्या बसल्या की मग करवतीने दार कापायचं. मात्र शहाणी माणसं तीन-चार थर झाले की दाराच्या जागी आत-बाहेर करायला एक भोक पाडून ठेवतात. ओड्वारलाही ते ठाऊक होतं, पण भोक पाडायचं तर दार कुठे ते ठरायला हवं! ते ठरत नव्हतं, म्हणून तो शिडीने भिंतीवर चढायचा, तीच शिडी ओढून आत सोडायचा आणि उतरायचा. बघता बघता अकरा थर झाले. भिंत त्याच्या डोक्याच्या वर हातभर गेली.

त्या दिवशी रात्रीच्या बर्फाने सगळं बुळबुळीत झालं होतं. ओड्वार भिंतीवर दोन्हीकडे पाय सोडून बसला आणि शिडी वर ओढू लागला. शिडी हातातून सटकली आणि बाहेर पडली. तिला धरायला तो वाकला, तोल सावरायला मागे झुकला, आणि आत पाठीवर आपटला. बर्फ मऊ होता म्हणून हाडं वाचली.

त्याने उठून चारी बाजूंना पाहिलं. चार भिंती, वर आभाळ, आणि तो. मशीनची करवत, हातोडी, फळ्या सगळं बाहेर ताडपत्रीखाली होतं. ओस्मुंड सल्ले द्यायला फोन करतो म्हणून फोन गाडीत ठेवला होता. आत होतं काय, तर एक कुऱ्हाड, एक बादली, डबा आणि कॉफीचा थर्मास.

कुऱ्हाडीने पूर्वेला दार फोडावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. भांडणही मिटलं असतं! पण कुऱ्हाडीचं दार म्हणजे उंदराने कुरतडलेलं दार, आणि ते बघायला ओस्मुंड पहिला हजर झाला असता. छे! ओड्वारने दात ओठ खाऊन बादली उचलली. बर्फ बादलीत ठासायचा, पालथी घालायची, पायाने दाबायचं. जास्त बर्फ पूर्वेच्या भिंतीशी साठला होता, म्हणून पायऱ्या तिथेच चढू लागल्या. दोनदा त्या खचल्या. दोनदा त्याने वाऱ्याला शिव्या देऊन पुन्हा रचल्या. दुपारपर्यंत तो कमरेएवढा वर आला होता, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"ओड्वार! सूप आणलंय. आणि शिडी अशी आडवी का पडलीय?"

ओड्वारने बादली हळूच खाली ठेवली.

"तू आत आहेस?"

"कामात आहे."

मग सुन्निवा हसत सुटली. इतकी हसली, की स्कीसकट खाली बसली.

"झालं का हसून?" ओड्वार ओरडला.

"शिडी लावते रे बाबा. पण दार दक्षिणेला. कबूल?"

"मुळीच नाही! माझा मी बाहेर येईन!"

"असं? मग माझी मी आत येते."

ताडपत्री ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ करवत गुरगुरली. ओड्वार दक्षिणेच्या भिंतीकडे धावला.

"सुन्निवा! हात लावू नकोस! अगं, आधी दोन्ही बाजूंना फळ्या ठोकाव्या लागतात, नाहीतर ओंडके सरकतील!"

"ठोकतेय!" हातोडीचे घाव खरंच ऐकू आले. "माझा बाप काय पाव विकत होता? बाराव्या वर्षी त्याच्या हाताखाली दार कापलंय मी!"

"वरचा ओंडका अखंड ठेव!"

"मला शिकवू नकोस!"

दक्षिणेच्या भिंतीतून भुसा उडू लागला. आता तिला अडवायचं तर बाहेर पोचायला हवं होतं. ओड्वार पिसाळल्यासारखा बादल्या भरू लागला. एक पायरी, आणखी एक. त्याचे चार महिने होते त्या भिंतीत, हाताला आलेले सगळे फोड होते! शेवटच्या पायरीवरून त्याने उडी मारली, भिंतीची कड पकडली, पोटावर लोंबकळला, पाय टाकला. करवत थांबली. धप्पकन काहीतरी आत पडलं, आणि त्याच वेळी ओड्वार पलीकडे कोसळला.

तो थेट छातीपर्यंत बर्फात रुतला. मान वळवली तर भिंतीवर त्याने स्वतः खडूने आखलेली पूर्वेच्या दाराची चौकट दिसली. तिचा वरचा काठच तेवढा बर्फाबाहेर होता.

पोहत पोहत तो कोपऱ्याला वळसा घालून दक्षिणेला आला. तिथे बर्फ जेमतेम घोट्याएवढा होता. भिंतीत दार उभं होतं. त्याने एक डोळा मिटून काठ पाहिले. वाकडं काहीतरी सापडावं म्हणून हात फिरवला. कुठेही काही वाकडं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर छाती अभिमानाने भरून आली होती, आणि त्याचाच त्याला राग आला.

आत सुन्निवा कापलेल्या ओंडक्याच्या तुकड्यावर बसून त्याच्या थर्मासातली कॉफी ओतत होती. ओड्वारच्या पाठीमागे तळं चकाकत होतं. घराला छप्पर नव्हतं, जमीन नव्हती, आत गुडघाभर बर्फ होता.

ओड्वारने उंबऱ्याकडे पाय उचलला.

"ए! तसाच येऊ नकोस," ती म्हणाली. "बूट झटकून ये."

ओड्वारने उंबऱ्यावर एक बूट आपटून झटकला, मग दुसरा, आणि घरात आला.