मोटारीच्या पंख्याची फत्ते

जुन्या मोटारीचा पंखा कैसा बदलला आणि त्यापायी एका घरातील राज्यव्यवस्था कैसी पालटली, तो मजकूर तपशीलवार लिहिला असे; वाचणारांनी हसू आवरून वाचावा.

मोटार वयस्क. तिचा मूळचा विजेचा पंखा जळाला, तेव्हापासून रहदारीत अडकताच रेडिएटर उकळे आणि बॉनेटातून वाफ निघे आणि मागील मोटारी भोंग्यांचा मारा करीत. मग बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, आणखी एक वेळ उकळली तर मोटार भंगारात रवाना करावी, अर्ज चालणार नाही. हे फर्मान बाईसाहेबांचे घरधनी जे खाविंद, त्यांस लागू जाहले. उभ्या नोकरीत त्यांचे कोणी ऐकिले नव्हते. ऐकत असे ती एक मोटार.

ऐसियास मेव्हण्यांनी मसलत दिली की, रेडिएटरचे माप घ्यावे, नवा पंखा वीज किती खातो ते पाहावे आणि तारा व फ्यूज त्याच्या जोगे घालावे. मसलत मेव्हण्यांची, सबब नामंजूर जाहली. खाविंदांनी दुकानी जाऊन ज्या खोक्यावर वादळाचे चित्र होते तो पंखा पसंत केला. दैवयोगे माप जुळले. तारांचे रंग तेलाने काळे पडले होते. ते पुसणे हा अनुभवाचा अपमान जाणून खाविंदांनी अंदाजे जोडणी केली आणि मग परीक्षेस रेडिएटरपुढे कागद धरिला, तो थेट कुंपणापार उडाला.

मेव्हणे म्हणाले, “दाजी, कागद चिकटायला हवा होता.”

“तुझा चिकटत असेल. आमचा उडतो!”

मग खाविंद बाईसाहेबांस शेजारी बसवून मोठ्या डौलाने स्वारीस निघाले आणि चौकात रहदारीने चहूकडून वेढा दिला आणि तापमानाचा काटा लाल मुलखाकडे कूच करू लागला. खाविंदांनी तजवीज केली, ती ऐसी की, काट्यावर रुमाल टाकिला.

“अहो, काय झाकताय?”

“ऊन लागतंय त्याला.”

बाईसाहेबांनी रुमाल उचलला आणि काटा पाहिला आणि मोटार कडेला घेवविली आणि उतरून तिच्यापुढे उभ्या राहिल्या, तो गरम वारा तोंडावर आला.

“पंख्याने वारा आत ओढायचा ना? हा तर माझ्यावर फुंकतोय!”

“जोर बघ केवढा आहे.”

“जोर आहे हो, दिशा नाही. उलटा फिरतोय. बंद करा आधी.”

वाफ निघण्यास थोडकेच अंतर होते. मग इंजिन निवेपर्यंत खाविंद रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभे राहिले आणि मग हुकुमाबरहुकूम दोन तारांची अदलाबदल केली. पंखा फिरला. बाईसाहेबांनी रुमाल पुढे धरिला, तो जाळीस घट्ट चिकटला, आणि काटा हळूहळू माघारी आला.

भंगाराचे फर्मान मागे घेतले गेले. तह ठरला की, जाळीतील पाने-धूळ खाविंदांनी काढावी, तारांस रंगीत पट्ट्या बांधाव्या आणि मेव्हण्यांस फोन करून चूक कबूल करावी. पैकी फोन अद्याप व्हावयाचा आहे. मोटार वाचली, आणि शेजाऱ्यांत खाविंदांनी जैसे सांगितले तैसी ही फत्ते त्यांच्याच नावे नोंदविली असे. मोटारीच्या सुकाणूच्या चाकामागील गादीवर मात्र त्या दिवशी बाईसाहेब आरूढ जाहल्या, त्या अद्याप उतरलेल्या नाहीत.