चिठ्ठ्यांची पेटी आणि माझं वाचन

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षाची गोष्ट. त्याच वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बायकोनं मला वाचायला शिकवलं. मग काय विचारता! औषधाच्या बाटल्यासुद्धा मी मोठ्यानं वाचायचो.

मी ख्रिस्ती विद्यापीठाच्या चॅपलचा, म्हणजे प्रार्थनाघराचा, राखणदार. सगळे मला मामा म्हणायचे. दाराशी एक लाकडी पेटी होती. मुलं आपल्या काळज्या चिठ्ठीवर लिहून तीत टाकायची. शुक्रवारी पाळकसाहेब पेटीवर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि चिठ्ठ्या न उघडता जाळून टाकायचे.

साहेब डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले. म्हणाले, "मामा, शुक्रवार सांभाळाल ना?"

"अहो, निर्धास्त जा!"

मनात म्हटलं, न वाचता जाळतात? हा आळसच की! मुलांची आध्यात्मिक वाढ कशी करतात ते आता मी दाखवतो.

शुक्रवारी चॅपल खच्चून भरलेलं. पहिल्या बाकावर कुलगुरू. मी चष्मा लावला, चिठ्ठी उघडली आणि एकेका अक्षराला धरून वाचू लागलो. "देवा... कुलगुरूंची... प्रवचनं..."

मी पुढचा शब्द जुळवू लागलो.

"...आखूड कर!"

कुलगुरू टोमॅटोसारखे लाल! मुलं फिदीफिदी हसली. मला वाटलं, काय रंगलीय प्रार्थना! लगेच दुसरी उघडली.

"बाबांना वाटतं... मी डॉक्टर होतेय. मी दोनदा नापास झालेय. सांगायचं बळ दे."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर गेली. चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण आता गरजही उरली नाही.

पुढच्या शुक्रवारी पेटीत काही नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चॉकलेटचा कागद.

साहेब परतले. पेटी हलवून पाहिली.

"मामा, काय केलंत?"

"वाचल्या."

"सगळ्या?"

"दोनच. मला वेळ लागतो ना!"

साहेब खाली बसले. "बारा वर्षं लागली हो, पोरांना इथं मन मोकळं करायला."

घरी बायको म्हणाली, "माझीच चूक! तुम्हाला बाराखडीवरच थांबवायला हवं होतं!"

आठवडाभर खपून मी चार ओळी लिहिल्या आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचल्या. "देवा, मला वाचनाचा माज चढला. एका लेकीचं मन मी चव्हाट्यावर मांडलं. तिनं मला माफ करावं."

ती मुलगी नंतर दाराशी थांबली.

"मामा, तुमच्यामुळे सगळ्यांना कळलंच होतं. बाबाच तेवढे उरले होते. केला फोन."

"काय म्हणाले गं?"

"आधी रडले. मग म्हणाले, जेवलीस का?"

तिनं एक घडी घातलेली चिठ्ठी पेटीत टाकली. तीन आठवड्यांतली पहिली.

मी ती उघडली नाही. शपथेवर सांगतो. नुसती उजेडापुढे धरून पाहिली. पण कागद जाड निघाला!

साहेबांनी शुक्रवारी ती जाळली. पुढच्या वर्षी नऊ फेब्रुवारीला सकाळी पाळकसाहेब वारले. तेव्हापासून शुक्रवारची पेटी मीच सांभाळतो, आणि चिठ्ठ्या न उघडताच जाळतो.