स्वतःच सुटणारं कोडं

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” गळ्याभोवती कापड गुंडाळलेल्या तात्यांनी खुर्चीतून सुरुवात केली, “पण तुझ्या दाजींचा ऑनलाइन पेपर स्वतःच स्वतःला वाचतो.”

न्हाव्याने वाटीत साबण घेतला. पंधरा दिवस त्याच्या डोक्याला हाच ताप होता. त्याचे दाजी दातांचे डॉक्टर. त्यांनी पेपरची वर्गणी भरली आणि पासवर्ड एकट्या मेव्हण्याला दिला. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर शब्दकोडं उघडावं, तर ते आधीच सोडवलेलं. डॉक्टरांनी आधी कंपाउंडरवर पाळत ठेवली, मग बायकोवर, आणि शेवटी मेव्हण्यालाच चोर ठरवून मोकळे झाले. नवऱ्याचं ऐकून बहिणीनेही भावाशी बोलणं टाकलं.

“मी नुसते मथळे वाचायचो हो,” न्हावी साबण फेसाळत म्हणाला. “कोडी सोडवण्याइतकं डोकं असतं, तर दुसऱ्यांची डोकी भादरत बसलो असतो का?”

“तेच म्हणतोय मी. आणि समजा, वाचला कुणी फुकट, तर बिघडलं काय? आमच्या आळीत एक कागदी पेपर सात घरं फिरायचा. कुणी कुणाला चोर म्हटलं नाही.”

“मालकाच्या आधी कोडं सोडवून ठेवत होतं का कुणी?”

तात्यांना ठसका लागला.

“अरे, हे माणसाचं कामच नाही. यंत्र आहे ते, कोडी छापून छापून शहाणं झालंय. पुरावा देतो. परवा डॉक्टरांनी पासवर्ड बदलून ‘सुळा’ ठेवला. कोडं सुटलं. काल ‘दाढ’. सुटलं. आज पहाटे ‘अक्कलदाढ’ ठेवला, तर सात वाजता सगळे चौकोन भरलेले, एक चूक नाही. माणसाला जमेल?”

वस्तरा गळ्यापाशी येऊन थांबला.

“तात्या, कंपाउंडर सांगत होता, परवापासूनचे पासवर्ड दाजींनी कुणालाच सांगितले नाहीत. मला नाही, ताईलासुद्धा नाही. पहिला ‘पुढचा दात’ होता. तो मी इथं मोठ्यानं म्हणत टाकला, तेव्हा या खुर्चीत तुम्ही होता. तिथून एकेक दात चाचपत तुम्हीच आत गेलात. हलू नका. ताईला फोन लावतोय, यंत्राचं तिलाच सांगा.”