पगारे सरांचा काळा स्क्रीन

पगारे सर लॅपटॉप सुरू करण्याआधी शर्टाच्या खिशात टेस्टर आहे ना, हे चाचपून बघतात. लॅपटॉपला टेस्टर कुठे लावणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "लावायचा नसतो. असला म्हणजे धीर येतो."

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्याच दारात राहतात. तीस वर्षं आयटीआयत वायरमनचा कोर्स शिकवला, आता निवृत्त. 'जे उघडून बघता येत नाही, ते आपलं नाही' हे त्यांचं ब्रीद. त्यापायी त्यांनी आमचा मिक्सर उघडला आणि दुर्दैवाने दुरुस्तही केला. आठ दिवस माझ्या बायकोच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात माझं कौतुक सलग इतकं कधी झालेलं नाही. तेव्हापासून हा माणूस मला खुपतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपमधलीही विकतची सिस्टीम पुसून त्यांनी फुकट मिळणारी, आतून उघडून बघता येणारी सिस्टीम टाकली. सगळं चाललं, अडलं ते ग्राफिक्सपाशी. त्यांच्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणाऱ्या चिप दोन. "दोघी जावा," ते मला जिन्यात समजावत. "धाकटी रोजच्या कामाला, बॅटरी कमी खाते. थोरली जड कामाला. धाकटी लय गुणी. थोरलीला हाक मारली की स्क्रीन काळा."

दर रविवारी सकाळी ते थोरलीला हाक मारत. स्क्रीन काळा झाला की शंभर पानी वहीत नोंद, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. अडलं तर इंटरनेटवर विचारत आणि ब्राझीलमधला कुणी अनोळखी माणूस तासाभरात सविस्तर उत्तर देई. माझा सख्खा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे, तो माझा फोनही उचलत नाही. रविवारी समोरून "पुन्हा काळा" असं ऐकू आलं की मला पोहे दोन घास जास्त जात.

एकदा त्यांनी माझा लॅपटॉप एका दुपारपुरता मागितला. टीव्हीला जोडायचा होता. त्यांच्या लॅपटॉपचं टीव्हीचं सॉकेट नेमकं थोरलीकडे, ती उठत नाही तोवर टीव्हीवर काही येईना. माझ्याकडे तार खुपसली की चित्र येतं, हे मीच त्यांना दहा वेळा ऐकवलं होतं. तरी ऑफिसचा डेटा आहे, असं सांगून मी नाही म्हणालो. डेटा कसला, सोसायटीची दोन पत्रं होती. टीव्हीवर काय बघायचंय, हेही विचारलं नाही. "बरोबर आहे, ऑफिसचं जपायलाच पाहिजे," असं म्हणून सर परत गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका रविवारी ते दारात उभे. "थोरली उठली. बघायला या." बायकोने मला ढकललंच. मी तोंड जमेल तितकं गोड करून गेलो.

टीव्हीवर त्यांच्या लेकीचा, सुजाताचा चेहरा होता, परातीएवढा. ती नोकरीसाठी बंगळुरात असते. पगारे काकू टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"हिची नजर चाललीय," सर हलक्या आवाजात म्हणाले. "फोन-लॅपटॉपवरचं बारकं चित्र दिसत नाही, लेकीचा नुसता आवाज ऐकायची. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढ्यात काय बघायचं ते बघून घ्या."

काकूंनी टीव्हीच्या काचेवरून बोट फिरवलं. "सुजाता, तुझे केस कधी पिकले गं?"

लेकीने हसून केस कानामागे सारले. डॉक्टरांच्या त्या 'तेवढ्यात'मधले दोन महिने मी सोसायटीच्या दोन पत्रांपायी खाल्ले होते.

"समोरचे साहेब आलेत," सर म्हणाले.

काकूंनी मान वळवली नाही. "अहो, त्यांना बसवा. सुजाता, तू अजून जवळ ये."

सरांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. त्यांचा हेवा मला इतका कधीच वाटला नव्हता, आणि त्या खुर्चीवर काही केल्या बसवेना.