पन्नास बिल्ल्यांची चळवळ

परतीच्या प्रवासात तिने मनाशी एक चित्र रंगवून ठेवलं होतं. बाबांचं खिळे-स्क्रूचं दुकान, अर्ध्यावर ओढलेलं शटर, आत मिणमिणता दिवा आणि काउंटरमागे हनुवटीला हात लावून बसलेले बाबा. सगळं गिऱ्हाईक त्या राक्षसी ऑनलाइन कंपनीने पळवलेलं. अशा वेळी ती दारात उभी राहील, बॅग खाली टाकेल आणि म्हणेल, "बाबा, मी आले. आता आपण लढायचं." (बाबांचे डोळे नेमके कोणत्या वाक्याला भरून यावेत, तेही तिने ठरवून टाकलं होतं.)

प्रत्यक्षात दारात उभं राहायला जागाच नव्हती. दारापासून काउंटरपर्यंत खोकी रचली होती आणि प्रत्येक खोक्यावर त्याच कंपनीची चिकटपट्टी होती. बाबांच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते खोक्यावर रोखलं की "टूक" असा आवाज यायचा आणि बाबांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद पसरायचा.

"जरा बाजूला व्हा ताई, रांग आहे," बाबा मान वर न करता म्हणाले.

"बाबा, मी आहे."

"अगं, तू! ये ये. ते लांबडं खोकं तेवढं इकडे सरकव."

वाणिज्यशास्त्रातली मोठी पदवी, तीही परमुलखातली, घेऊन आलेल्या मुलीच्या हातून घरी झालेलं पहिलं काम म्हणजे शत्रूचं खोकं सरकवणं.

रात्री जेवताना तिने विषय काढलाच. "बाबा, तुम्ही त्यांचं पार्सल केंद्र चालवता? जी कंपनी तुमचा गळा आवळते तिचं?"

"गळा?" बाबांनी गळ्याला हात लावून बघितला. "अगं, त्यांच्याकडून कपाट येतं ते तुकड्यातुकड्यांत. घरी नेऊन जोडायला बसलं की एक स्क्रू कमी निघतो. हमखास! मग तो माणूस कुठे येतो? माझ्याकडे. माझं उत्तम चाललंय."

"पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना," आई म्हणाली. "आधी भाजी वाढून घे."

चार दिवसांत ती अख्ख्या गल्लीतल्या दुकानांतून फिरून आली. छापखानेवाले काका, शिवणकामवाल्या मावशी आणि समोरचे सुतारकाका या तिघांपुढे तर तिने तासतासभर भाषण केलं. लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि तिचं नाव 'चळवळ' ठेवलं. "चळवळ आली गं बाई, दूध आहे ना?" असं मावशी आत ओरडायच्या. पण तिची कळकळ खरी होती, आणि खरी कळकळ लोकांना ओळखू येते. शेवटी रविवारी संध्याकाळी बाबांच्याच दुकानात सभा घ्यायचं ठरलं. त्या दिवशी पार्सलांची गाडी येत नाही, त्यामुळे जागा मोकळी असते.

सभा म्हटली की छातीवर काहीतरी हवं. तिने मजकूर पक्का केला, 'आधी शेजारचं दुकान', आणि छापखान्यात गेली.

"काका, पन्नास बिल्ले हवेत. रविवारपर्यंत."

काकांनी डोकं खाजवलं. "मशीन बंद आहे गं. रोलर गेलाय. नवा यायचाय."

"कधी येईल?"

"येईल आता," काका म्हणाले आणि का कोण जाणे, खिडकीबाहेर बघू लागले.

आता करायचं काय? पन्नास माणसं रिकाम्या छातीने बसणार? घरी येऊन तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि फोन उघडला. तिचं इतकंच म्हणणं होतं की शत्रूचं हत्यार एकदाच, आणि तेही शत्रूवरच चालवायचं. (हे वाक्य तिला इतकं आवडलं की ते तिने वहीत लिहून ठेवलं.) मजकूर टाकला, रंग निवडला आणि 'संख्या' लिहिलेल्या चौकटीत पन्नास टाकले. शेवटचा आकडा जरा फुगलेला वाटला खरा, पण तत्त्वासाठी खिसा थोडा हलका होणारच असं म्हणून तिने बटण दाबलं. पत्त्याच्या खाली कसलीशी एक खूण आधीच केलेली होती. ती वाचायला तिला वेळ नव्हता. क्रांतीची गडबड होती.

बिल्ले शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी आले नाहीत. शनिवारी फोनवर संदेश आला, 'आपली वस्तू आनंदाने प्रवास करत आहे.' रविवारी सकाळपर्यंत ती आनंदाने प्रवासच करत होती. शेवटी चळवळ बिनबिल्ल्यांची झाली तरी चालेल, असं म्हणून ती सभेला उभी राहिली.

आणि बोललीही छान. बाबा स्टुलावर बसून कौतुकाने ऐकत होते. "ती कंपनी तुम्हाला ओळखते का?" ती हात उंचावून म्हणाली. "तुमच्या घरी कोण आजारी आहे, हे ती कधी विचारते का?"

"नाही विचारत," मावशी म्हणाल्या, "तेच बरं आहे. हे छापखानेवाले भाऊ विचारतात, आणि माझा अर्धा तास जातो."

सगळे हसले. तीही हसली आणि मग गंभीर झाली. "मावशी, गंमत सोडा. आज आपण इथे एक शब्द देऊ या. जे आपल्या गल्लीत मिळतं, ते बाहेरून..."

नेमकी तेव्हाच बाहेर गाडी थांबली. दुसऱ्या क्षणी पार्सलवाला दारात, आणि त्याच्या मागे ढकलगाडीवर खोक्यांचा डोंगर.

"आज रविवार ना?" बाबा म्हणाले.

"तुंबलंय सगळं साहेब, म्हणून आज फेरी. सगळे इथेच आहात ते बरं झालं, हातोहात देऊन टाकतो." त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "छापखाना, रोलर, एक."

काकांनी खिडकी शोधली. दुकानाला खिडकी नव्हती.

"शिवणकाम, बॉबिनची डबी, एक."

"माझं मशीन माझ्याहून जुनं आहे," मावशी ताठ मानेने म्हणाल्या. "त्याची डबी या गावात कोण ठेवतं? कोणी दाखवा, आत्ता परत करते."

"सुतार, मोजायची टेप, एक."

आता मात्र बाबा स्टुलावरून उठले.

"टेप?" ते म्हणाले. "टेप मागवलीस?"

"हो," सुतारकाका म्हणाले. "जुनीचं टोक तुटलं."

"अरे, माझ्याकडे टेपा आहेत. तुझ्या डोक्याच्या वर लटकतायत!"

सुतारकाकांनी वर बघितलं. सात टेपा वाऱ्याने हलत होत्या. "हात्तिच्या! मला वाटलं, तू खिळे विकतोस."

"तीस वर्षं समोर बसतोय मी तुझ्या!"

"पण बोलला नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस कधी!"

बाबा पुन्हा स्टुलावर बसले. चेहऱ्यावरचा तो 'टूक'चा आनंद मावळला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिला तिच्या चित्रातल्यासारखे दिसले, हनुवटीला हात लावून बसलेले. आणि गंमत अशी की ते तिला अजिबात बघवेना. लढाई गेली चुलीत, पण हा चेहरा असा राहता कामा नये, एवढंच तिला वाटलं.

"आणि हे राहिलेलं सगळं," पार्सलवाला डोंगराकडे हात करून म्हणाला, "आपल्या ताईंचं. 'घरी नको, केंद्रावर द्या' अशी खूण केलीय. बिल्ले. वीस-वीसचे संच, पन्नास."

ती खोक्यावरची चिठ्ठी वाचायला पुढे झाली.

"पन्नास बिल्ले ना?" बाबांनी विचारलं.

"पन्नास संच, साहेब. वीस गुणिले पन्नास."

"हजार," छापखानेवाले काका म्हणाले. हिशेबात काका पक्के.

मावशींनी एक डबा उघडला, बिल्ला उजेडात धरला आणि खणखणीत आवाजात वाचला, "आधी... शेजारचं... दुकान."

सुतारकाकांच्या पोटातून काहीतरी निघालं, ते मावशींपर्यंत पोचलं, काका डोळे पुसायला लागले आणि बघता बघता दुकानातले डबे खणखणायला लागले. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमिनीवर बिल्ले असल्यामुळे तेही शक्य नव्हतं.

"परत घेतील का हो?" तिने पार्सलवाल्याला हळूच विचारलं.

"नाव-मजकूर छापलेलं परत नाही, ताई. एरवी कंपनी चांगली आहे, चपला तर पायातनंसुद्धा परत घेते."

शेवटी बाबाच उठले. त्यांनी एक बिल्ला घेतला आणि शर्टाला लावला. बिल्ला हातात आला, टाचणी शर्टावर राहिली. दुसरा घेतला, तीच तऱ्हा.

"गोंद चांगला नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो जुना आनंद परतला. "माझ्याकडचा लावू. एकदा चिकटला की शर्ट फाटेल, पण बिल्ला निघणार नाही."

"तू गोंदपण विकतोस?" सुतारकाका म्हणाले.

चळवळीचं पहिलं फळ म्हणजे त्या संध्याकाळी गोंदाच्या अकरा नळ्या खपल्या. सभा संपली तेव्हा माणसं एकेक करून बाहेर पडली, छातीवर 'आधी शेजारचं दुकान' आणि काखेत ऑनलाइन पार्सल. सुतारकाकांनी आपली टेप न उघडता पार्सलवाल्याच्या हातात परत दिली, वरची एक टेप काढून घेतली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, बोललीस मात्र झकास. पण दुकानात काय आहे ते कळणार कसं आम्हाला? फोनवर निदान शोधता तरी येतं."

हे एक वाक्य तिला झोपेतही सोडेना. तिच्या सबंध भाषणापेक्षा ते शहाणपणाचं होतं (आणि चौदा पानांनी लहान).

सकाळी ती बाबांच्याही आधी दुकानात पोचली. काउंटरमागची भिंत छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेली होती. एकावरही नाव नव्हतं. कशात काय आहे हे फक्त बाबांच्या हाताला ठाऊक. तिथल्या तिथे तिने निर्णय घेतला. भाषणं बंद. बिल्ले बंद. या दुकानातली वस्तू न् वस्तू लिहून काढायची आणि यादी गल्लीच्या तोंडाशी लावायची. मग बघू कोण कुठून टेप मागवतं!

वही घेऊन ती शिडीवर चढली. डावीकडचा सगळ्यात वरचा खण घट्ट बसला होता. तिने एक हात भिंतीला लावून जोर केला, कट्‌ असा आवाज झाला आणि तिच्या हातात एक वस्तू आली. पितळी, वळणदार, दोन्ही टोकांना भोकं. नळाची म्हणावी तर नळाची नाही, दाराची म्हणावी तर दाराची नाही. वाणिज्यशास्त्राच्या एकाही पुस्तकात अशी वस्तू नव्हती.

तिने इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग हळूच फोन काढून तिने त्याला ती वस्तू दाखवली. फोन क्षणात म्हणाला, 'पडद्याचा शोभिवंत आकडा. फक्त दोन शिल्लक.'

"काय गं, सकाळी सकाळी वर?" बाबा शटर पूर्ण वर करत आत आले. शर्टावर बिल्ला होताच. (आईने शर्ट काढायचा खूप प्रयत्न केला होता.)

"बाबा, हे बघा. कोणाला ठाऊक तरी आहे का, तुम्ही पडद्याचे पितळी आकडे ठेवता? आणि तिकडे दोनच उरलेत!"

बाबांनी चष्मा लावला, वस्तू उलटसुलट केली, मग शिडीकडे आणि वरच्या खणाकडे बघितलं.

"हे त्या खणाचं हँडल आहे," ते म्हणाले. "उपटलंस तू."

तिने वही उघडली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'हँडल, पितळी. नग एक. विक्रीस नाही.' मग फोन बंद करून त्याच खणात कायमचा टाकून द्यायचा, असंही तिने तिथेच ठरवलं. पण खण उघडायला हँडल नव्हतं.