निम्मी कोरलेली दाढ

गुन्हेगार मला टरकून असतात, असं निदान मी तरी म्हणतो. धंद्याने मी वायरमन. पण तुटलेली तार शोधणं काय आणि खुनी शोधणं काय, दोन्हीकडे धागाच लागतो. शिवाय माझ्याकडे मल्टिमीटर आहे. लाल आणि काळी सळई टेकवली, की वीज आपणहून कबुलीजबाब देते.

त्या सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "लगेच या! दाढ निम्मी कोरून झालीय आणि मशीन बंद पडलंय. अर्ध्या तासात बधिरपणा उतरेल हो!"

धावत पोचलो. खुर्चीत आ वासून पडले होते माझे सासरे. जबड्यात टेकू, गालात कापूस. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्यांना गप्प असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"घाबरू नका, बाबा. मी आलोय."

ते आणखीच घाबरले.

सळया सॉकेटमध्ये घातल्या. मीटरवर शून्य!

"बाई, तुमची वीज चोरीला गेलीय."

"मग हा डोक्यावरचा दिवा कशावर जळतोय?"

मीटरचं बटण चुकून बॅटरीच्या खुणेवर राहिलं होतं. गुपचूप फिरवलं. दोनशे तीस व्होल्ट.

"चोराने परत आणून ठेवली," मी म्हणालो.

मग प्लग काढून मशीनचा फ्यूज तपासला. मीटर 'पीं' वाजला, म्हणजे फ्यूज निर्दोष. उरली पायपट्टी; बाई ती पायाने दाबतात तेव्हा मशीन फिरतं. तिच्या वायरचं मशीनकडचं टोक सोडवून सळया लावल्या.

"दाबा!"

बाईंनी पाय दाबला. मीटर चूप. कचऱ्याच्या डब्याचं झाकण तेवढं खट्कन उघडलं.

"सोडा!"

झाकण मिटलं. मीटर चूप.

"आँआँ! आँआँ!" सासरे डब्याकडे बोट दाखवत ओरडले.

"त्यांना थुंकायचंय," मी निदान केलं.

दहा वेळा दाबलं, दहा वेळा झाकण वाजलं. तपासात असले व्यत्यय यायचेच. "वायर आतून तुटलीय," मी पक्कड काढत म्हणालो. "म्हणजे हे आतल्याच कुणाचं तरी काम!"

पण सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दाढ जागी होत होती. 

तेवढ्यात त्यांनी टेकू उपसून फेकला, खाली उतरून बाईंच्या पायाखालचा डबा बाजूला सारला, खुर्चीखाली सरकलेली पट्टी ओढली आणि तिच्यावर पाय दिला.

पीं!

"बाई," ते जड जिभेने म्हणाले, "मघापासून तुम्ही कचऱ्याचा डबा दाबताय."

दाढ निम्मी झाल्यावर बाई कापूस आणायला उठल्या, तेवढ्यात लादी पुसणाऱ्या मावशींनी पट्टी आत ढकलून तिच्या जागी डबा ठेवला होता. बाईंचे डोळे दाढेत, माझे मीटरमध्ये. पायाकडे पाहणार कोण?

वायर जोडली, मशीन गुरगुरलं. बाईंनी आणखी एक सुई टोचून दाढ भरून टाकली. निघताना सासऱ्यांनी सुजलेला गाल धरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, मीटर मात्र हुशार आहे हो तुमचा."

आठ वर्षांतलं हे पहिलं कौतुक. मीटरच्या वतीने मी वाकून नमस्कार केला.