साहेबांच्या पोटावरचा तांब्या

तपासणीच्या दिवशी सकाळी वैजनाथ गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसून मेणबत्तीचं बूड चाकूनं तासत होते. आज सातवीवर ‘हवेचा दाब’ हा पाठ होता आणि तपासणीला आलेले आगाशे साहेब तो मागच्या बाकावर बसून पाहणार होते. ताटलीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा पेला; मेणबत्ती विझली की पाणी पेल्यात चढतं. गुरुजी सहा वर्षं हा प्रयोग करत होते आणि त्यातली चार वर्षं पेला तडकला होता. आताचा हा शेवटचा. बारा पेल्यांचं मागणीपत्र पाठवलं होतं, तर दोन वर्षांनी बारा नकाशे आले.

गुरुजी कंटाळले होते. एकट्या प्रयोगाला नव्हे, सगळ्यालाच. बायको शरयू आणि दोन मुली नांदुऱ्याला, आणि हे सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्याही पुढे सात मैल. शनिवारी शाळा सुटली की बैलगाडीनं संग्रामपूर आणि पुढे मोटार मिळाली तर मिळाली. घरी पोचेपर्यंत धाकटी झोपलेली असायची आणि रविवारी निघताना रडायची. नांदुऱ्याच्या शाळेत एक जागा रिकामी होती. आगाशे साहेबांनी शिफारशीची एक ओळ लिहिली की काम झालं. त्या एका ओळीसाठी गुरुजींनी तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली होती.

“गुरुजी, चाला लवकर!” पंजाबराव धापा टाकत आले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. साहेब कालपासून त्यांच्याच घरी उतरले होते.

“काय झालं?”

“सायबाच्या पोटाले तांब्या चिकटला.”

गुरुजींनी चाकू खाली ठेवला. “काऊन?”

“आता ते तुमीच सांगा. तुमी तेच त शिकवता!”

वाटेत उलगडा झाला. साहेब मूळचे पुण्याचे, पोटदुखी जुनी. हिंगाष्टकाची बाटली कायम खिशात. रात्री पंजाबरावांनी त्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. साहेब नको म्हणत गेले आणि पंजाबराव वाढत गेले. सकाळी साहेब पोट धरून आडवे झाले, तेव्हा झुंबरबाईला बोलावणं गेलं. गावात कुणाची नाभी सरकली की झुंबरबाई बेंबीवर कणकेचा दिवा ठेवायची, वात पेटवायची आणि वर तांब्या उपडा घालायची. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरायचा. थोड्या वेळानं ती कडेला बोट दाबायची, तांब्या सुटायचा आणि माणूस शेतावर जायचा.

खोलीत साहेब खाटेवर उताणे पडले होते. पोटावर हा एवढा थोरला पितळी तांब्या. झुंबरबाई भिंतीशी गाल फुगवून बसली होती.

“नेहमी निंघते. आजच नाई निंघून राह्यला,” ती म्हणाली. “माह्या हाताचा दोष नाई.”

“किती वाती लावल्या?”

“तीन.”

“तीन?”

“गावातल्या मान्साले एक लावते. सायबाले एकच लावू? बरं दिसते काय ते? तांब्याबी पूजेचा काढला.”

गुरुजींनी कडेला बोट खुपसून पाहिलं. पोट तट्ट ताणलेलं, बोट शिरायलाच जागा नव्हती.

“अहो, काहीतरी करा हो!” साहेब कळवळले. “तुम्ही विज्ञानाचे शिक्षक ना?”

गुरुजी तोंड उघडणार, तेवढ्यात पंजाबराव आडाच्या गार पाण्याची बादली घेऊन आले. “सायेब, आग होऊन राह्यली ना? थांबा!” असं म्हणत त्यांनी ती अख्खी तांब्यावर रिकामी केली. साहेबांनी जी किंकाळी फोडली, ती थेट शाळेत ऐकू गेली. शाळेत घंटा होऊन गेली होती आणि वर्गावर कुणीच नव्हतं. पाच मिनिटांत सगळी सातवी पंजाबरावांच्या खिडकीला लागली.

“गार पाणी कशाला ओतलं?” गुरुजी चिडले. “आतली हवा अजून थंड झाली, दाब अजून उतरला. आता तो जास्तच घट्ट बसला!”

“या पोरांना आधी घालवा,” साहेब कण्हले.

“राहू द्या की सायेब,” पंजाबराव म्हणाले. “पाठ त हाच हाय.”

पोरांना हाकलण्याइतकं बळ गुरुजींच्या अंगात उरलं नव्हतं. त्यांनी कढत पाणी मागवलं, धोतराचा तुकडा त्यात बुडवून पिळला आणि तांब्याभोवती गुंडाळला.

“गुरुजी, आतल्या हवेनं पोट वढून धरलं काय?” खिडकीतून प्रश्न आला.

“नाही रे. आत हवा कमी झाली. बाहेरची हवा तांब्याला पोटावर दाबते आहे.”

साहेबांचे डोळे मिटलेले होते, पण चौदा वर्षांची तपासणीची सवय. “किती दाब?” ते पुटपुटले.

“दर चौरस इंचाला पंधरा पौंड!” सातवी एका सुरात ओरडली.

“बरोबर,” साहेब विव्हळले.

तीन वेळा फडकं बदललं. तांब्या तापला, आतली हवा फुगली, गुरुजींनी कडेला बोट दाबलं आणि फस्स करून तांब्या सुटला. पोटावर भाकरीएवढं लाल वर्तुळ उमटलं होतं. साहेब उठून बसले आणि त्यांनी एक लांबलचक ढेकर दिली. मग पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल पसरलं.

दुपारी साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘हवेचा दाब: प्रात्यक्षिक उत्कृष्ट. विद्यार्थ्यांची उत्तरे तत्पर.’ गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातला बदलीचा अर्ज काढून पुढे केला.

साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“गुरुजी, अकरा वर्षांत हे पोट आज पहिल्यांदा हलकं झालं. पुण्याचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले. झुंबरबाई म्हणतात, दर महिन्याला तांब्या लावावा लागेल. मी दर महिन्याला इथे तपासणी ठेवतोय.”

“पण साहेब, माझा अर्ज...”

“त्या लावतील, पण काढणार कोण? त्यांनाही म्हटलं तुमच्याबरोबर नांदुऱ्याला चला, तर म्हणतात म्हैस सोडून येणार नाही. त्या सरकारी नोकर नाहीत, त्यांची बदली मला करता येत नाही. तुमची न करणं तेवढं माझ्या हातात आहे.”

गुरुजींना रडू यायचंच बाकी राहिलं. डोळ्यांपुढे रविवारची धाकटी आली. संध्याकाळी ते तडक झुंबरबाईच्या दारी गेले. ती म्हशीची धार काढत होती.

“झुंबरबाई, तांब्या कसा काढायचा ते मी शिकवतो तुम्हाले. आत्ताच शिका.”

“मले येते की. एक वात लावली की आपसूक निंघते.”

गुरुजींना एकदम हुरूप आला. “मग झालं तर! पुढल्या महिन्यात साहेब येतील, तेव्हा एकच वात लावजा.”

झुंबरबाईनं धार थांबवली आणि गुरुजींकडे नवलानं पाहिलं.

“एवढ्या मोठ्या सायबाले एक वात? नाई बाप्पा. आता त ओळख झाली. पाच लावीन.”